गोल कुणामुळे झाला?



आपल्या नामपूर परिसरात खेळ म्हटला की क्रिकेट आणि कबड्डी ही दोनच नावे आधी सुचतात. तरीही गेल्या काही वर्षांत एक बदल झाला आहे. विश्वचषकाच्या दिवसांत आपली तरुण मुले रात्ररात्र जागून फुटबॉल पाहतात. इंडियन सुपर लीगमधील मुंबईच्या आणि गोव्याच्या संघांची नावेही त्यांच्या तोंडी असतात. सामना झाल्यावर त्यांची जी चर्चा रंगते, ती आपण मोठ्यांनीही ऐकावी अशी असते. आपला संघ जिंकला तर गोल मारणाऱ्याचे नाव घेतले जाते. हरला तर दोन वाक्ये ठरलेली असतात : ‘बचावफळी बेकार आहे’ आणि ‘कोचला हाकला’.

या दोन वाक्यांवर आज थोडा विचार करू या. खेळाच्या निमित्ताने का होईना, येथे एक जुना नैतिक प्रश्न उभा राहतो. नुकसान झाले की आपण दोष कुणाला देतो? आणि ज्याला देतो, त्याच्याशी आपण न्यायाने वागतो का?

गोव्याचे तीन मोसम

उदाहरण गोव्याचे घेऊ. तेथे फुटबॉल हा केवळ करमणुकीचा विषय नाही. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या आयरिश धर्मगुरूंनी हा खेळ शिवोली गावात आणला, असे सांगितले जाते. पुढे तो चर्चच्या पटांगणांत आणि भाताच्या रिकाम्या खाचरांत वाढला. साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स अशा क्लबांनी देशपातळीवर नाव कमावले. त्यामुळे २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि एफसी गोवा हा संघ उभा राहिला, तेव्हा लोकांनी त्याला घरचाच मानले. प्रशिक्षक म्हणून ब्राझीलचे थोर खेळाडू झिको आले. पहिल्याच वर्षी संघ उपांत्य फेरीत पोहोचला.

दुसऱ्या वर्षी, २० डिसेंबर २०१५ रोजी, मडगावच्या फातोर्डा मैदानावर अंतिम सामना झाला. समोर चेन्नईचा संघ होता. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने गोल केला आणि गोवा २-१ असा पुढे गेला. चषक आता तीन मिनिटांवर होता. पण ९०व्या मिनिटाला गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याच्याकडून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला. नोंद स्वयंगोलाची झाली. पाठोपाठ भरपाईच्या वेळेत चेन्नईच्या मेंडोझाने आणखी एक गोल केला. गोवा ३-२ असा हरला, तोही स्वतःच्या घरी, स्वतःच्या माणसांसमोर.

तिसऱ्या वर्षी, २०१६ मध्ये, गोव्याचा संघ आठ संघांत आठवा आला. चौदा सामन्यांत त्याच्यावर २५ गोल झाले. अखेरच्या साखळी सामन्यात गोव्याने चेन्नईला हरवले, पण तेही ५-४ असे. जिंकतानासुद्धा चार गोल खाल्ले. ज्यांनी वर्षानुवर्षे या खेळावर जीव लावला, त्यांना या मोसमात काय वाटले असेल याची कल्पना करता येते. त्यांचा राग खोटा नव्हता. ज्याच्यावर आपले प्रेम नाही त्याच्या हरण्याने आपल्याला राग येत नाही. प्रेक्षकाच्या रागात प्रेमही असते आणि असहायताही असते. तो मैदानाबाहेर बसलेला असतो. चूक त्याला दिसते, पण ती सुधारण्यासाठी त्याला मैदानात उतरता येत नाही. त्याच्या हाती उरतो तो फक्त आवाज.

आता हेच आकडे जरा बारकाईने पाहू. २०१६ मध्ये सातव्या क्रमांकावर कोण होते? गतवर्षीचा विजेता चेन्नई. त्याच्यावरही २५ गोल झाले होते. म्हणजे २०१५ च्या अंतिम सामन्यातील दोन्ही संघ पुढच्याच वर्षी शेवटच्या दोन जागांवर गेले. दोघांचेही प्रशिक्षक तेच होते, आदल्या वर्षीचेच. चेन्नईचे प्रशिक्षक मातेराझ्झी तर स्वतः बचावपटू होते आणि २००६ साली इटलीकडून विश्वचषक जिंकलेले होते. बचाव म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

मुंबईच्या संघाची गोष्ट नेमकी उलटी आहे. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी याच फातोर्ड्यावर मुंबई गोव्याकडून ७-० अशी हरली होती. एका संध्याकाळी सात गोल! तोच मुंबईचा संघ २०१६ मध्ये साखळीत पहिला आला आणि चौदा सामन्यांत मिळून त्याच्यावर फक्त आठ गोल झाले. दरम्यान प्रशिक्षक बदलला होता, खेळाडूही बदलले होते.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक अडचण उभी राहते. मुंबईकडे पाहून म्हणावे, ‘कोच बदलला की सगळे सुधारते’, तर चेन्नई आणि गोवा विचारतात, ‘मग आमच्या याच कोचांनी आदल्या वर्षी अंतिम फेरी कशी गाठली?’ खरे कारण एक नसते. दुखापती, खेळाडूंची निवड, मधल्या फळीचे सहकार्य, मनाचा थकवा, नशीब अशा अनेक गोष्टी मिळून एक हार होते. आपल्या रागाला मात्र अनेक कारणे परवडत नाहीत. त्याला एक नाव हवे असते.

न दिसणारे काम

हे नाव बहुधा बचावपटूचे किंवा गोलरक्षकाचेच का असते? कारण त्यांच्या कामाचे स्वरूपच तसे आहे. आघाडीच्या खेळाडूने नऊ संधी वाया घालवल्या आणि दहाव्या वेळी गोल केला, तर तो त्या दिवसाचा नायक ठरतो. बचावपटूने नऊ हल्ले परतवले आणि दहाव्या वेळी पाय घसरला, तर तो खलनायक होतो. दोघांचा हिशेब आपण वेगवेगळ्या वहीत मांडतो. एकाचे यश मोजतो, दुसऱ्याचे अपयश.

चांगल्या बचावाचे फळ म्हणजे ‘काही न घडणे’. आणि जे घडलेच नाही, ते दिसणार कसे? योग्य जागी उभ्या राहिलेल्या बचावपटूला पाहून समोरचा खेळाडू तिकडे चेंडूच देत नाही. त्या क्षणी बचावपटूने आपले काम उत्तम केलेले असते, आणि आपल्याला वाटते, हा नुसता उभा आहे.

आपल्या बागलाणात हे समजावून सांगण्याची गरज नाही. उन्हाळ कांदा चाळीत भरल्यावर घरातले कुणीतरी महिनोन्‌महिने त्याच्याकडे लक्ष देत असते. हवा खेळते की नाही, पाणी कुठून झिरपते का, एखाद्या कोपऱ्यातून वास येतो का, हे पाहत असते. पावसाळा संपेपर्यंत कांदा टिकला तर चर्चा होते ती बाजारभावाची. चाळ सांभाळणाऱ्याचे नाव कुणी काढत नाही. पण एक बाजू सडली की लगेच प्रश्न येतो, ‘लक्ष कुणाचे होते?’ घरात आजाऱ्याची सेवा करणारी सून, रात्रपाळीची परिचारिका, खांबावर चढणारा वायरमन, या सगळ्यांचे असेच आहे. सारे सुरळीत चालते तोवर ते आपल्याला दिसत नाहीत. बिघडले की मात्र तेच आधी दिसतात.

न्याय म्हणजे ज्याचे जे आहे ते त्याला देणे, अशी व्याख्या तत्त्वज्ञानाच्या पहिल्या धड्यातच शिकवली जाते. त्या मापाने पाहिले तर ज्याचे यश आपण कधी मोजलेच नाही, त्याचे अपयश मोजण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

नफा सगळ्यांचा, तोटा एकट्याचा

आणखी एक गोष्ट आहे. २०१७ साली गोव्याने स्पेनचे सेर्जिओ लोबेरा यांना प्रशिक्षक नेमले. त्यांची पद्धत धाडसी होती. चेंडू आपल्याकडे ठेवायचा, सगळ्या संघाने पुढे सरकायचे आणि हल्ला करत राहायचे. त्या मोसमात गोव्याने साखळीच्या अठरा सामन्यांत ४२ गोल केले. लोक खूश झाले. पण त्याच अठरा सामन्यांत गोव्यावर २८ गोलही झाले. सगळा संघ पुढे गेला की मागे मोकळे रान उरते. प्रतिस्पर्ध्याने चेंडू हिसकावून लांब फेकला, तर त्या मोकळ्या रानात दोन-तीन बचावपटू आणि गोलरक्षक एवढेच असतात.

मग त्या २८ गोलांचा दोष कुणाचा? त्या दोघा-तिघांचा? ज्या पद्धतीमुळे ४२ गोल झाले, तिच्याच पोटी या २८ पैकी कितीतरी गोल आले. त्या ४२ गोलांना टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाने त्या पद्धतीला संमती दिली होती. नफा वाटून घेताना सगळे भागीदार आणि तोटा आला की एकट्याच्या नावावर, हा व्यवहार बाजारात आपण खपवून घेणार नाही. मैदानावर मात्र सहज खपवतो.

झिको यांना हे फार आधीपासून ठाऊक असणार. १९८२ च्या विश्वचषकातील ब्राझीलच्या संघात ते होते. त्या संघाचा खेळ इतका देखणा होता की आजही जाणकार त्याची आठवण काढतात. ५ जुलै १९८२ रोजी बार्सिलोनात इटलीविरुद्ध त्यांना फक्त बरोबरी पुरेशी होती. सामना २-२ असा बरोबरीत आलाही होता. तरी तो संघ पुढेच जात राहिला आणि ३-२ असा हरला. इटलीच्या पावलो रॉस्सीने तिन्ही गोल केले. त्यातला दुसरा गोल ब्राझीलच्या सेरेझोने चुकीच्या दिलेल्या चेंडूवरून झाला. सेरेझोची चूक खरी होती. पण बरोबरी हाती असताना हल्ला चालू ठेवणे हा एकट्या सेरेझोचा निर्णय नव्हता. तो त्या संघाचा स्वभाव होता, आणि त्याच स्वभावावर जगाने प्रेम केले.

मग कोचला काहीच म्हणायचे नाही का?

तसे आम्ही म्हणत नाही. ज्याच्या हाती निर्णय असतो त्याने उत्तर दिले पाहिजे. तीच चूक आठवड्यामागून आठवडा होत असेल, थकलेल्या खेळाडूला विश्रांती मिळत नसेल, नवोदिताला तयारीशिवाय उतरवले जात असेल, तर त्याबद्दल विचारणे हा प्रेक्षकाचा हक्क आहे. तिकिटाचे पैसे त्याने दिलेले असतात आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपली निष्ठा दिलेली असते. ‘गप्प बसा आणि टाळ्या वाजवा’ असे कुणी कुणाला सांगू नये. खेळाच्या संघातही नाही, पंचायतीत नाही आणि चर्चच्या समितीतही नाही. करार संपवून प्रशिक्षकाला निरोप देणे यातही अन्याय असतोच असे नाही.

पण जबाबदार धरणे वेगळे आणि बळीचा बकरा करणे वेगळे. जुन्या करारातील लेवीय या पुस्तकात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी सांगितला आहे. लोकांची पापे एका बकऱ्याच्या डोक्यावर ठेवून त्याला रानात सोडून दिले जात असे. मात्र त्या विधीत आधी पापे कबूल करावी लागत, आणि ती लोकांची स्वतःची असत. आपण आजकाल कबुलीचा भाग गाळतो आणि बकरा तेवढा रानात धाडतो. खेळाडू चुकीचे घेतले असतील, सरावाला वेळ दिला नसेल, व्यवस्थापनाने घाई केली असेल, तरी कोच गेला की सगळ्यांना हलके वाटते. पुढच्या मोसमात तेच गोल पुन्हा होतात.

जबाबदार धरताना आपण विचारतो, ‘हे कसे झाले?’ बळीचा बकरा शोधताना आपण विचारतो, ‘हे कुणामुळे झाले?’ पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून सुधारणा निघते. दुसऱ्याच्या उत्तरातून फक्त एक माणूस निघतो. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातही माणसांची नावे येतीलच, पण ती आपापल्या वाट्यासह येतील.

रागाचे माप

राग मुळातच वाईट, असे आपल्या परंपरेने कधी मानले नाही. ॲरिस्टॉटल सांगतो की रागावणे सोपे आहे, परंतु योग्य माणसावर, योग्य कारणासाठी, योग्य रीतीने आणि योग्य तेवढाच वेळ रागावणे अवघड आहे. जो अशा मापाने रागावतो तो त्याच्या मते प्रशंसेला पात्र आहे. संत थॉमस अक्विनास यांनी हाच धागा पुढे नेला. विवेकाच्या ताब्यातला राग न्यायाच्या कामी येऊ शकतो, असे ते मानतात. परंतु पुरेशा पुराव्याशिवाय दुसऱ्याच्या मनातला हेतू वाईट ठरवणे याला ते अविचारी न्याय म्हणतात आणि तो पापात मोजतात. शंका असेल तेथे दुसऱ्याच्या कृतीचा चांगला अर्थ घ्यावा, असे त्यांचे सांगणे आहे. तसे करताना कधी आपली फसगत होईल हे त्यांना ठाऊक आहे. तरी वाईट माणसाला अनेकदा चांगले समजण्याची चूक पत्करावी, पण चांगल्या माणसाला एखाद्या वेळीही वाईट समजू नये, असा त्यांचा कौल आहे.

‘त्याने पास चुकीचा दिला’ हे निरीक्षण झाले. ‘तो विकला गेला आहे’, ‘त्याला संघाची पर्वाच नाही’ हा हेतूचा आरोप झाला. या दोहोंमधली रेषा रागाच्या भरात किती सहज ओलांडली जाते!

ती ओलांडली की काय होते, याची उदाहरणे जगाने पाहिली आहेत. १६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेने ब्राझीलला २-१ असे हरवले आणि विश्वचषक नेला. दोष चिकटला तो गोलरक्षक बार्बोसा यांना. ते २००० साली वारले. मधल्या पन्नास वर्षांत तो एक गोल त्यांची पाठ सोडेना. खुन्यालाही कायदा कधीतरी सोडून देतो, त्यांना लोकांनी सोडले नाही. कोलंबियाचा बचावपटू आंद्रेस एस्कोबार याच्याकडून २२ जून १९९४ रोजी विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध स्वयंगोल झाला. मायदेशी परतल्यावर २ जुलै रोजी मेडेयिन शहरात त्याला गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्या खुनाचा संबंध लोक आजही त्या स्वयंगोलाशी जोडतात. तो अवघा २७ वर्षांचा होता.

कुणी म्हणेल, ‘फादर, हे फार टोकाचे झाले. आम्ही फक्त मोबाइलवर चार शब्द लिहितो. शिवाय हे व्यावसायिक खेळाडू आहेत. लाखो रुपये घेतात, मग चार शब्दही ऐकावेत.’ आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. पैसे घेणाऱ्याच्या कामाची परीक्षा व्हावी, यात शंका नाही. परंतु पगार हा कामाचा मोबदला असतो, अपमानाचा नव्हे. शिक्षकाला पगार मिळतो म्हणून कुणी त्याच्या आईवरून बोलावे का? डॉक्टर फी घेतो म्हणून त्याच्या मुलांना धमकी द्यावी का? कामाबद्दल कितीही कठोर बोला. माणूस मात्र त्या कामापेक्षा मोठा असतो. आणि ‘चार शब्द’ म्हणाल तर प्रत्येकाचे चारच असतात. ऐकणाऱ्यापर्यंत ते हजारोंनी पोहोचतात.

दुसरी संधी

आता पुन्हा त्या गोलरक्षकाकडे येऊ. २०१५ च्या त्या रात्रीवरून कट्टीमणीची कायमची किंमत ठरवायची असती, तर ती फार स्वस्तात ठरली असती. पण तो खेळत राहिला. पुढे तो हैदराबादच्या संघात गेला. २० मार्च २०२२ रोजी इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. समोर केरळचा संघ होता आणि मैदान होते फातोर्डाचेच. सामना १-१ असा बरोबरीत राहिला आणि निकाल पेनल्टी शूटआउटवर आला. त्या शूटआउटमध्ये कट्टीमणीने केरळचे तीन फटके अडवले. हैदराबाद ३-१ असे जिंकले आणि विजेते ठरले. ज्या मैदानावर एक चषक त्याच्या हातून निसटला होता, तेथेच सहा वर्षांनी दुसरा त्याच्या हातांनी आला.

या गोष्टीवरून ‘धीर धरा, सगळ्यांचे भले होते’ असा सोपा बोध आम्ही काढणार नाही. बार्बोसांचे भले झाले नाही. एस्कोबारला तर दुसरी संधीच मिळाली नाही. बोध इतकाच की, माणसाची किंमत त्याच्या सर्वांत वाईट मिनिटावरून ठरवणारा बहुतेक वेळा चुकतो. कारण त्या माणसाची पुढची मिनिटे त्याने पाहिलेली नसतात. ९०व्या मिनिटाला दिलेला निकाल हा सामन्याचा निकाल असतो, माणसाचा नव्हे.

आपल्या अंगणात

शेवटी एक विनंती. गोवा आणि मुंबई दूर आहेत, पण शाळेच्या मैदानावर आणि गावच्या स्पर्धांत आपली स्वतःची मुले खेळतात. तेथे रेषेबाहेर उभे राहून ओरडणारे आपणच असतो. चेंडू जाळ्यात गेला की बारा वर्षांचा गोलरक्षक आधी चेंडूकडे पाहत नाही. तो कडेला उभ्या असलेल्या बापाच्या तोंडाकडे पाहतो. त्या क्षणी त्याला तेथे काय दिसते, यावर तो पुढचा चेंडू अडवायला उडी मारणार की अंग चोरणार, हे बरेचसे ठरते. त्याला खोटे सांगू नका. ‘छान झाले’ म्हणू नका, कारण छान झालेले नाही हे त्याला माहीत आहे. संध्याकाळी घरी त्याच्याजवळ बसा आणि विचारा, ‘बाळा, तो गोल कसा झाला रे?’ तो स्वतःच सांगेल की आपण एक पाऊल पुढे आलो होतो. कदाचित असेही सांगेल की त्याआधी मधल्या फळीतल्या चौघांनी चेंडू सोडला होता.

घरात, शेतात, संस्थेत नुकसान होते तेव्हाही हाच प्रश्न आधी विचारू या. आणि चाळीतला कांदा यंदा नीट टिकला असेल, तर तो कुणी सांभाळला हेही एकदा विचारू या. त्या व्यक्तीला या रविवारी दोन चांगले शब्द ऐकवायला हरकत नाही. कदाचित त्या घरात ते पहिल्यांदाच ऐकू येतील.